माळ्यावर कोण हाय?

उचगाव, ता. करवीर
४ फेब्रुवारी २००२

ती. धम्मपालदादास,
धाकट्या अक्षताचा जय भीम.

तुझं पत्र आईकडून फिरून माझ्याकडं आलं. सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या आणि तुमची पलटण सरहद्दीवर हलली, हे कळल्यापासून आईच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. पन्हाळ्याचा वारा लागू नये म्हणून दार लावून खोलीत बसून असते. तुझं सगळं बरं आहे असं मी तिला सांगते. माझं सगळं बरं आहे असं तू तिला लिही. या पत्रातलं एक अक्षरही तिला कळवू नकोस.

तुझी भाची उत्पला तीन महिन्यांची होईल. झोपेत कपाळाला आठ्या घालते, अगदी तुझ्यासारख्या. बाळंतपण आटोपून मी पन्हाळ्याहून सासरी आले, तोवर यांना इचलकरंजीत मागावर रात्रपाळी लागली होती. तिथंच चौघांत मिळून खोली घेतलीय. आठवड्याची सुट्टी तेवढी घरी काढतात. बाकीचे दिवस घरात मी, बाळ आणि आत्ती. सासूबाई मला वाईट नाहीत रे. बाळाला तेल लावताना गाणी म्हणतात. पण दोन्ही कानांनी कमी ऐकतात आणि दिवसभर तपकीर ओढतात, त्यामुळं नाकही गेलंय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दादा, आमच्या माळ्यावर कुणीतरी चालतं.

मधल्या खोलीवर लाकडी फळ्यांचा माळा आहे, तू बघितलायस. त्याच खोलीत माझी थोरली जाऊ शिवानीवहिनी बाळंतपणात बाळासकट गेली, माझ्या लग्नाच्या आधीच्या वर्षी. ती ज्या वाकळेवर गेली ती वाकळ आत्तींनी माळ्यावर फेकली, शिडी काढून गोठ्यात टाकली, आणि तेव्हापासून वर कुणी चढलेलं नाही. भावजी दुसरं लग्न करून मिरजेला गेले, ते परत या घरात आले नाहीत. मी मात्र त्याच खोलीत झोपते. दुसरी खोली कुठं आहे?

दिवे मालवले की फळ्यांवर पावलं वाजतात. उंदीर असा चालत नाही. सावकाश, जपून, एखादी बाई अंधारात चाचपडत जावी तसं. आणि वास येतो. सांगितलं तर हसशील. घनसाळ तांदूळ शिजत असल्याचा वास. आजऱ्याच्या मावशी आणायच्या ना, तसाच. आमच्या घरात सगळे जाडा तांदूळ खातो. मग मध्यरात्री माळ्यावर घनसाळ कोण शिजवतंय?

आत्तींना विचारलं तर त्यांनी तपकिरीची डबी मिटली. मग म्हणाल्या, की शिवानीला घनसाळाचा भात फार आवडायचा.

हायवे रुंद करायचं काम आमच्या फाट्यापर्यंत आलंय. घरामागची सगळी झाडं गेली. तुला आवडलेला तो पोकळ बुंध्याचा उंबरसुद्धा गेला. रात्रभर मशिनी घुमतात. त्याचंच काहीतरी कानात बसलं असेल, अशी मी मनाची समजूत घालते. तुला काय वाटतं ते लवकर लिही. जिवाला जप. तुझ्या पत्राकडं डोळे लावून बसलेली

अक्षता


द्वारा ५६ एपीओ
१६ फेब्रुवारी २००२

चि. सौ. अक्षतास,
दादाचा जय भीम आणि उत्पलाला एक पापा.

तुझं पत्र मिळालं. कुठं आहे ते लिहायची परवानगी नाही. एवढंच सांगतो, की भाकरीत वाळू, चहात वाळू आणि तुझं पत्र उघडलं तर त्यातही वाळू.

अगं, तू बारावीला कॉलेजात पहिली आलेली पोरगी. आपल्या आबांनी गल्लीतल्या पिंपळाखाली आपल्याला रात्री मुद्दाम बसवलं होतं, आठवतंय का? भूत दिसलं तर मला हाक मारा, मला त्याच्याशी बोलायचंय, असं म्हणून स्वतः घरात जाऊन झोपले होते. त्यांची लेक भाताच्या वासाला भिते, हे कुणाला सांगू? इथं तंबूत वाचून दाखवलं असतं तर जवान आठवडाभर हसले असते.

बाळंतीण बाई, तुझी झोप होत नाही. झोप नसली की माणसाला काहीही ऐकू येतं, पहाऱ्यावर आम्हालाही येतं. माळ्यावर मांजर असेल, घूस असेल. दाजी सुट्टीला आले की त्यांना वर चढवून एक काठी आपटायला सांग. आणि दूध पी, दोन घास जास्त खा, दुपारी बाळाबरोबर झोप. आईला मी छान छान लिहिलंय.

रजेचं काही खरं नाही. मामाला विसरू नको असं भाचीला रोज सांगत जा.

तुझा
धम्मपाल


उचगाव
२ मार्च २००२

ती. दादास,
अक्षताचा जय भीम.

तुझं पत्र वाचून मीही हसले होते. दोन रात्री धीरानं काढल्या. तिसऱ्या रात्री वरून रडणं आलं.

दादा, ते बाळाचं रडणं आहे. बारीक, तुटक, भुकेल्या बाळाचं. मध्येच थांबतं, मग पावलं वाजतात आणि ते गप्प होतं, जसं कुणी छातीशी धरलं असावं. हे सुट्टीला आले तेव्हा मी यांना जागं ठेवलं. नेमकं त्या रात्री वर टाचणी पडल्याचासुद्धा आवाज नाही. हे माझ्याकडं बघत बसले. रागावले असते तरी चाललं असतं, पण डोळ्यांत कीव होती. वर चढून बघा म्हटलं तर म्हणाले, की आईनं बंदी केलीय, आणि त्या वाकळेला हात लावायचं माझ्यानंही होणार न्हाई.

मी स्वतः चढले असते. शिडी गोठ्यात आहे. पण आत्ती सतत माझ्यावर पाळत ठेवतात. त्यांचं पक्कं ठरलंय, की शिवानी लेकराला घेऊन वर बसलीय आणि तिनं मला धरलंय. घरात बुद्धाची तसबीर आहे, बाबासाहेबांची आहे, त्यांच्यासमोर त्या सकाळ-संध्याकाळ हात जोडतात. पण शिवानीच्या नावानं त्यांचा जीव थरकापतो, मग त्यांना तसबीर दिसत नाही. परवा शेजारचे कृष्णात काका आले होते. सोप्यात आत्तींच्या कानाला लागून काहीतरी सांगत होते आणि मी पाणी घेऊन गेले तशी गप्प झाले.

बाळाला आता माझ्याजवळ झोपवत नाहीत. भारलेल्या बाईचं दूध बाधतं म्हणून बाटली आणलीय. माझं दूध आटत चाललंय. पलीकडच्या खोलीत माझी पोर रडते आणि डोक्यावर ते दुसरं रडतं, आणि मी मधे आडवी पडून दोन्ही ऐकते. काल दुपारी तिला घटकाभर माझ्या मांडीवर दिली. वर रडणं सुरू झालं आणि मी हिच्या तोंडाकडं बघत राहिले, की हीच रडतेय का? ती तर शांत झोपली होती. दादा, मला आता माझीच भीती वाटते. आत्ती खरं सांगत असतील तर? नसलेलं मीच ऐकत असेन तर?

अमावस्येला एक अंगात येणारी बाई आमच्या घरी येणार आहे. ती कशी उतरवते ते मी गावात बघितलंय. यांना पाया पडून नको म्हटलं. हे म्हणाले, की एकदा होऊन जाऊ दे, तुझ्याच भल्यासाठी आहे.

तुला येता येणार नाही हे मला कळतं. तरी लिहिते, ये. निदान यांना लिही. तुझ्याशिवाय माझं म्हणणं खरं मानणारं कुणी नाही, आणि तूसुद्धा अजून मानलेलं नाहीस.

अक्षता


द्वारा ५६ एपीओ
११ मार्च २००२

श्री. सूरज दाजी यांस,
धम्मपालचा सप्रेम जय भीम.

अक्षताचं पत्र आज हातात पडलं. अमावस्या परवावर आली. फोनसाठी साहेबांच्या पाया पडलो, पण इथून बाहेर लाईन मिळत नाही. हे पत्र वेळेवर पोचणार नाही, तरी लिहितोय. लिहिलं नाही तर आज रात्री पहाऱ्यावर उभा राहू शकणार नाही.

दाजी, माझी बहीण भ्रमिष्ट नाही. मीही तिला हसलो होतो. गेल्या आठवड्यात इथं जे बघितलं त्यानंतर ते हसणं मी परत घेतो.

आमच्या जवळचं एक गाव रिकामं केलंय. माणसं ट्रॉल्या भरून निघून गेली. आम्ही आलो, खंदक खणले, झुडपं तोडली, रात्रंदिवस गाड्या फिरवल्या. एका रात्री आमच्यातला एक जवान पळत आला, घामानं भिजलेला. म्हणाला, की त्या रिकाम्या घरात लहान मूल रडतंय, कुणीतरी मागं राहिलंय. हातात भरलेली बंदूक असलेला गडी, पण ओठ पांढरे पडले होते. आम्ही आत शिरलो. छताखाली कडबा ठेवायची मचाण होती. त्यावर रानमांजरीनं पिल्लं घातली होती. बॅटरी मारली तसं तिनं आमच्यावर दात काढले, पण जागची हलली नाही.

मी तिथंच उभा राहिलो आणि मला तुमचं घर दिसलं. तिची झुडपं आम्ही तोडली, मग ती कुठं जाणार? जिथं ऊब आहे, ऊन-पाऊस लागत नाही, कुत्रं पोचत नाही आणि माणूस फिरकत नाही, तिथंच ना? तुमच्या घरामागचा पोकळ उंबर महिन्या-दीड महिन्यापूर्वी तोडला. त्या पोकळीत कोण राहत होतं, हे तोडणाऱ्यानं बघितलं का? आणि उचगावात माणसाची चाहूल नसलेली जागा कुठली असेल, तर ती तुमचा माळा. तुम्ही सगळे त्या जागेला भिता म्हणूनच ती जनावराला निर्धास्त वाटली. वाकळसुद्धा आयती मिळाली. भाताच्या वासाचं मला कळत नाही. पण माझ्या बहिणीला वास आला असं ती म्हणते, तर आला.

दाजी, हात जोडतो. त्या बाईला आणायच्या आधी एकदा शिडी लावा आणि स्वतः वर चढा. शिवानीवहिनींची भीती वाटत असेल तर माझं नाव घेऊन चढा. आणि उत्पलाला तिच्या आईजवळ द्या.

रागावून लिहिलंय, पण परका समजून लिहिलेलं नाही.

तुमचा
धम्मपाल


उचगाव
२५ मार्च २००२

श्री. धम्मपालदादा यांना,
सूरजचा जय भीम.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. तोवर सगळं हून गेलतं. अक्षता तुम्हाला लिहील न लिहील, म्हणून मीच लिहितोय. काय लपवणार न्हाई.

अमावस्येच्या दुपारी ती बाई आली. गल्ली सगळी जमली. अक्षताला अंगणात उन्हात बसवलं, केस सोडले, पुढं मिरच्यांची धुरी केली. बाई विचारायची, की तू कोण हायस, नाव सांग. अक्षता म्हणायची, मी अक्षता. की निरगुडीचा फोक पाठीवर. परत विचारायची. परत ही म्हणायची, मी अक्षता. बाई म्हणाली, नुसतं शिवानी म्हण, लगेच सोडते. तर हिनं मान वर करून सांगितलं, की शिवानीवहिनी मेलीय, तिला आता तरी मारू नका. दादा, मी लेकराला घेऊन सोप्यात उभा हुतो. तिथनं पुढं आलो न्हाई.

मग काय झालं कळलं न्हाई. ही एकदम उठली, बाईला बाजूला सारून गोठ्यात पळाली आणि शिडी ओढत घरात आली. कुणीतरी ओरडलं, की फास घ्यायला चालली. मी लेकरू आईच्या मांडीवर टाकलं आणि धावलो, तवर ही माळ्यावर पोचलीती. वरनं मला हाक मारली, की वर या, बघा. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथंच थांबलो. चढलो न्हाई. हे तुम्हाला सांगायलाच पाहिजे.

ही खाली आली ती पदरात काहीतरी धरून. अंगणात मधोमध बसली आणि पदर उघडला. करडं काळं पिल्लू, मुठीत मावेल एवढं. आणि ते रडायला लागलं. दादा, अगदी आमच्या उत्पीगत. सगळ्या गल्लीनं ऐकलं. आईनं पिल्लाचं उघडं तोंड बघितलं आणि मांडीवरच्या उत्पीकडं बघितलं.

बाई म्हणाली, हा मसण्या हाय, मढी उकरतोय, ठेचून टाका. कृष्णात काकानं काठी उचलली. अक्षता पिल्लावर वाकली, तशी तिची पाठ सगळ्यांना दिसली. वळ उठलेली. काकाची काठी तिथंच राहिली.

तेवढ्यात सोप्याच्या खांबावरनं त्याची आई उतरली. उदमांजर. भर उन्हात, एवढ्या माणसांत. रात्रीचं जनावर ते, डोळे किलकिले करत, थांबत थांबत, पण सरळ अक्षताकडं. माणसं मागं सरली. अक्षता हलली न्हाई. तिनं पदर सोडला. जनावरानं पिल्लाची मान तोंडात धरली आणि खांबावरनं वर निघून गेलं. जाताना तोच वास आला. घनसाळाचा. मला आला. सगळ्यांना आला.

बाई कधी निघून गेली कुणी बघितलं न्हाई.

संध्याकाळी अक्षताला ताप भरला. लेकराला आधीच बाटलीच्या दुधानं जुलाब लागलते, त्या रात्री ते मान टाकायला लागलं. दोघींना कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात नेलं. लेकराच्या डोक्यात सुई लावून सलाईन दिलं, हाताची शीर सापडेना. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर काढून जे सुनावलं ते मी लिहू शकत न्हाई. लेकरू वाचलं. पण दोन दिवस अक्षतानं माझ्याकडं बघितलं न्हाई. दवाखान्यातनं सोडल्यावर ती लेकराला घेऊन परस्पर पन्हाळ्याच्या गाडीत बसली.

तुमचं पत्र आईच्या कानाशी ओरडून वाचलं. तवापासनं ती मधल्या खोलीत खाली बसून वर बघत असते. शिडी अजून तशीच लावलीय.

तुम्ही रजेवर आला की मला काय करायचं ते करा. मी घरीच असंन.

सूरज


इचलकरंजी
२ जून २००२

ती. दादास,
तुझ्या अक्षताचा आणि दात येत असलेल्या उत्पलाचा जय भीम.

पत्ता बदललेला बघून दचकू नकोस. सांगते.

पन्हाळ्याला हे तीनदा आले. आईला तोवर सगळं कळलं होतं. माझी पाठ तिनंच शेकली, तिच्या एका डोळ्याला पट्टी असताना. पहिल्यांदा तिनं यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्यांदा पाणी दिलं. तिसऱ्यांदा हे उंबऱ्याबाहेरच बसले आणि मला म्हणाले, की चल असं म्हणायला मला तोंड नाही, फक्त पोरीला बघून जातो. मी रात्रभर विचार केला. सकाळी सांगितलं, की त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. तुम्ही जिथं झोपता तिथं मला आणि पोरीला जागा असेल तर येते. यांनी पंधरा दिवसांत मागाच्या शेडला लागून एक पत्र्याची खोली बघितली आणि दिवसपाळी मागून घेतली.

माफ केलं का, असं तू विचारशील. माहीत नाही. रोज भाकरी थापते, डबा देते. कधीकधी यांचा हात खांद्यावर पडला की पाठ आपोआप आक्रसते. हे हात काढून घेतात.

उदमांजरानं पिल्लं हलवली. आत्ती खोलीत बसून राहायला लागल्या, घरात बोलणं-चालणं सुरू झालं, तशी एका संध्याकाळी एकेक मानेला धरून भिंतीवरून घेऊन गेली. कुठं, ते कुणाला कळलं नाही. मागं तर आता नुसता डांबरी रस्ता आहे. मला हायवेवरच्या ट्रकांची धास्ती वाटते. नंतर कृष्णात काका कौलांतली फट बुजवायला सिमेंट घेऊन आले, तर आत्तींनी त्यांना थांबवलं आणि यांच्याकडं निरोप दिला, की अक्षताला विचार बुजवू का. मी कळवलं, की आत कुणी राहिलं नाही ना ते आधी वर चढून बघा, मग बुजवा. आत्ती स्वतः चढल्या म्हणे, गुडघे धरत. वाकळ खाली आणली, धुतली आणि अंगणात वाळत घातली. त्या वाळणाऱ्या वाकळेखाली बसून मोठ्यानं रडल्या, असं यांनी सांगितलं. माणूस गेल्यावर रडायचं असतं, ते त्या घरात तेव्हा कुणी केलंच नव्हतं.

इथं रात्रंदिवस माग चालतात. खडखडाटात शेजारी बोललेलं ऐकू येत नाही, पोरीला तर त्याच्याशिवाय झोप लागत नाही. मलाही लागते. वर काही वाजलं तरी कळणार नाही, म्हणून लागते.

पण इथं वीज जाते. परवा आम्ही जेवायला बसलो होतो आणि सगळे माग एकदम थांबले. एवढी शांतता, की कान दुखले. आणि पत्र्याखाली काहीतरी सरकलं. माझा घास हातातच राहिला. मी वर बघितलं नाही, ताटाकडं बघत राहिले. ऐकू आलं असं परत कधी कुणाला सांगायचं नाही, असं मी मनाशी ठरवून ठेवलंय.

यांनी ताट बाजूला सारलं. काय झालं, असं विचारलंही नाही. उष्ट्या हातानंच काडी ओढून चिमणी पेटवली, ट्रंक ओढली, तिच्यावर चढले आणि वाशाच्या कडेनं सगळा पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेले. चिमणीचा धूर डोळ्यात जाऊन पाणी येत होतं तरी खाली उतरले नाहीत. मग उतरले आणि मला सांगितलं, की एक पाल हाय, मोठी, आणि कोपऱ्यात जाळं हाय, बाकी काय न्हाई.

मग हात धुऊन परत ताटावर बसले. मी आणखी एक भाकरी घेतली, दादा. किती दिवसांनी घेतली कुणास ठाऊक.

तुझी रजा मंजूर झाली की आधी आईकडं जा, मग इकडं ये. यांच्यावर हात उचलायला मात्र येऊ नकोस. ये तेव्हा भाचीसाठी तुझ्या वाळूतली मूठभर वाळू घेऊन ये. अंतर पडू देऊ नकोस.

तुझीच
अक्षता